मादामच्या झग्याचं अस्तर

जर्सी सिटीच्या त्या घरात दाराची बेल वाजली की मी हातातलं काम टाकून बाथरूममध्ये जायची आणि आतून कडी लावायची. बहुतेक वेळा पोस्टमन असायचा. पण त्याचा गणवेश निळा, पोलिसांचाही निळा, आणि खिडकीतून मला फरक कळायचा नाही. मादाम दार उघडायच्या, काय ते घ्यायच्या आणि बाथरूमच्या दारावर टिचकी मारायच्या. "ये बाहेर. मासिक आलंय. तुला न्यायला कुणी आलेलं नाही."

माझ्या व्हिसाची मुदत संपली होती. ऐंशीचं दशक निम्मं सरलं होतं आणि मी तेहतीस वर्षांची होते.

मी मूळची बार्शीची. सातवीत शाळा सुटली. आई अंथरुणाला खिळली होती, कुणीतरी घरी थांबायला हवं होतं, ती मी थांबले. पुढे शिवणक्लास केला, लग्न झालं आणि सव्विसाव्या वर्षी नवरा गेला. सासरी मला कुणी मारलं नाही, उपाशी ठेवलं नाही. पण हाकही कुणी मारत नसे. लागेल ते काम माझ्यासमोर आणून ठेवायचे आणि निघून जायचे. अशी पाच वर्षं गेल्यावर अमेरिकेतल्या चुलतभावाला जुळी मुलं झाली आणि वहिनीने मला मदतीला बोलावून घेतलं. सहा महिन्यांसाठी आले, चौदा महिने राहिले. मग भावाला टेक्सासमध्ये नोकरी लागली. ते शुगर लँडला निघाले, तिथे वहिनीची आई येणार होती, आणि माझं तिकीट काढायचं ठरलं.

त्याच बिल्डिंगमध्ये तळमजल्यावर एक म्हातारी फ्रेंच बाई राहायची. गाणं शिकवायची. तिच्या एका ड्रेसचे हुक मी एकदा लावून दिले होते. ते तिने डोळ्यांजवळ नेऊन पाहिले, उलटून पाहिले, आणि विचारलं, "कोणी शिकवलं?" मी म्हटलं, "गावात." मी परत जाणार हे कळलं तेव्हा ती चार मजले चढून वर आली, दारात धापा टाकत उभी राहिली आणि वहिनीला म्हणाली, "हिला माझ्याकडे ठेवा. मागची खोली रिकामी आहे."

वहिनीने होकार दिला, भावाला समजावलं आणि जाताना आपल्या जास्तीच्या सामानाची एक बॅगही मला ठेवून गेली. मी तिची आजही ऋणी आहे. पुढे जे लिहिते आहे ते वाचून कुणी तिला नावं ठेवू नयेत.

सगळे त्यांना मादाम म्हणत, मीही म्हणायची. त्यांचं इंग्रजी फ्रेंच वळणाचं, माझं बार्शीचं. दोघींचंही मोडकं, म्हणून एकमेकींना नीट कळायचं. जिथे अडायचं तिथे त्या गाऊन दाखवायच्या आणि मी हातवारे करायची.

संध्याकाळी त्यांचे केस विंचरताना मी त्यांची सगळी कारकीर्द ऐकली. फ्रान्समध्ये उत्तरेकडच्या एका गिरणीच्या गावात त्यांची आई लोकांचे कपडे इस्त्री करायची. मादाम इस्त्रीचे शर्ट घरोघर पोचवायच्या आणि पायऱ्यांवर गायच्या. असाच एक शर्ट नगरपालिकेच्या थिएटरातल्या वाद्यवृंदाच्या प्रमुखाचा निघाला. त्याने त्यांना कोरसमध्ये घेतलं. तेव्हा त्या सोळा वर्षांच्या होत्या.

ऑपेरेटा म्हणजे काय हे मला त्यांनीच सांगितलं. गाणं आहे, बोलणं आहे, नाच आहे, नवरा-बायकोंची भांडणं आहेत आणि शेवटी सगळ्यांची लग्नं लागतात. मी म्हटलं, "आमच्याकडे पण असतं असं, संगीत नाटक. पण त्यात कोणी ना कोणी फार रडतं." त्या म्हणाल्या, "आमच्यात रडायला मनाई. रडायचं असेल तर शेजारच्या ऑपेरात जा."

एक गोष्ट मात्र ऐकताना मी केस विंचरायची थांबले. तिकडे लहान शहरांत जुनी रीत होती. नवी गायिका आली की तिने पहिले तीन प्रयोग करून दाखवायचे. तिसऱ्यानंतर प्रेक्षकांनी ठरवायचं, ठेवायची की नाही. लोक ओरडून हो-नाही म्हणत. नको असली तर शिट्ट्या. मग एक माणूस स्टेजवर येऊन निकाल सांगायचा आणि गायिकेने तो तिथेच उभं राहून ऐकायचा.

"तुम्हाला वाजल्या शिट्ट्या?"

"एका शहरात. अजून शिट्टी ऐकली की पोट दुखतं."

"मग?"

"मग पुढचं शहर."

पुढची शहरं पुष्कळ झाली. कोरसमधून मोलकरणीची भूमिका, मोलकरणीतून मैत्रिणीची आणि शेवटी नायिका. दूरदूरच्या बंदरांतले दौरे, जिथे घामाने रंग गळून कॉलरवर यायचा. पॅरिसमध्ये एकच हंगाम, तोही दुसरीच्या आजारपणात, अकरा प्रयोग. ते अकरा प्रयोग त्या बोटांवर मोजून सांगत, हात संपले की माझं बोट धरत. मग युद्ध झालं, मग लोक सिनेमाला जायला लागले. शेवटी बावीस जणांच्या कंपनीबरोबर त्या अमेरिकेत आल्या. ती कंपनी मध्येच कुठेतरी मोडली. बाकीचे परतले, या राहिल्या. का राहिल्या, ते एकदाच विचारलं. म्हणाल्या, "तिकडे माझी वाट कोण बघत होतं?"

मी त्यांच्याकडे राहायला आले त्याच्या दुसऱ्या वर्षी, वसंतात, त्यांच्या जुन्या शिष्यांनी ठरवलं की मादामचा एक कार्यक्रम करायचा. शनिवारी दुपारी, जवळच्या चर्चच्या हॉलमध्ये. शिष्य गातील आणि शेवटी मादाम तीन गाणी म्हणतील. त्या अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या होत्या. त्याच सुमारास एका शिष्याच्या ओळखीचा वकील माझ्यासाठी सापडला. तो म्हणाला, मादामनी 'हिला कामाला ठेवते' असं लिहून सही केली तर माझ्या राहण्याचा अर्ज करता येईल. खात्री नाही, पण करता येईल. सोमवारची वेळ मिळाली. शनिवारी गाणं, सोमवारी सही.

ते दोन आठवडे मी झोपले की नाही आठवत नाही. मादाम दारासमोरच्या पायऱ्या उतरताना मी पुढे चालायची, पडल्या तर माझ्यावर पडतील म्हणून. सूप जरा गरम वाटलं तर फुंकून द्यायची. मला वाटायचं, ही सही होईपर्यंत ही बाई काचेची आहे. माया होतीच, पण तेव्हा भीतीच जास्त होती, हे आता कबूल करायला हरकत नाही.

कार्यक्रमासाठी त्यांनी ट्रंकेतून जुना झगा काढला. फिकट गुलाबी सॅटिनचा, पाठीला बावीस हुक. वरचं कापड टिकलं होतं, पण आतलं अस्तर घामाने खाऊन चाळणी झालं होतं. हात लावला की पीठ पडायचं. "आत काहीही घाल," मादाम म्हणाल्या. "आतलं कोण बघतं?"

मी काहीही घातलं नाही, आणि तिथेच चुकलं.

वहिनीच्या बॅगेत एक हिरवा खण होता, लाल काठाचा. तिने हळदीकुंकवासाठी भारतातून डझनभर आणले होते, त्यातला उरलेला. त्या हळदीकुंकवाला मी आतल्या खोलीत जुळ्यांना घेऊन बसले होते. वहिनीने बस म्हटलं नव्हतं. ये असंही म्हटलं नव्हतं. सगळ्या बायकांना तेव्हा माझी जागा माहीत होती, मलाही होती. खण, नारळ, तांदूळ घेऊन एखादीची ओटी भरावी, असं मला खूपदा वाटायचं, पण माझ्या हाताने भरून घेणार कोण?

आणि इथे एक बाई मोठ्या कामाला निघाली होती. मला जागा दिलेली बाई. तिची ओटी भरावी असं मनात आलं. समोर धरून भरायची हिंमत नव्हती. त्यांना त्यातलं काही कळलं नसतं, तरी माझ्या हाताला सवय नव्हती. म्हणून खण उलगडून, कापून, झग्याच्या पाठीला आणि छातीला आतून लावला. बारीक टाक्याने. बुधवारी काम संपलं. मादामच्या डोळ्यांत मोतीबिंदू होता, आतलं त्यांना दिसणार नव्हतं. बोटांनी चाचपून त्या म्हणाल्या, "मजबूत आहे." मला इतकं बरं वाटलं की मी बाथरूममध्ये जाऊन थोडी रडले. बेल वाजली नसताना त्या खोलीत गेले, ती तेवढीच एकदा.

शनिवारी हॉलच्या मागच्या खोलीत मी बावीस हुक लावले. पियानो वाजवणारे म्हातारे गृहस्थ दारात येऊन, "मादाम, वीस मिनिटं," सांगून गेले. शिष्यांमधली एक मुलगी आशीर्वाद घ्यावा तशी वाकून मादामच्या गालाला गाल लावायला आली. तिच्या केसांत रिबन होती. हिरवी.

मादाम अशा ओरडल्या की मुलगी मागे सरकून खुर्चीवर आपटली.

"काढ! आधी काढ ते! बाहेर टाक, या खोलीत नको!"

मुलीने रिबन ओढून काढली. ती गेल्यावर मादाम आरशाला धरून उभ्या राहिल्या.

"शाळेत काही शिकवत नाहीत यांना. स्टेजवर हिरवं! मरण आहे ते. ऐक. एका शहरात आमच्या नायिकेने हिरवी शाल घेतली. थंडी होती म्हणून, बाकी काही नाही. दुसऱ्या अंकात आवाज गेला. असा गेला." त्यांनी फुंकर मारली. "परत आलाच नाही. पुढच्या आठवड्यात तिची भूमिका मला दिली. अशी झाले मी नायिका. तिच्या आईने माझ्याकडे कसं पाहिलं होतं, माहीत आहे?"

माझ्या तोंडात टाचण्या होत्या. त्या मी एकेक करून काढल्या, कारण गिळीन असं वाटलं.

बावीस हुकांच्या आत, त्यांच्या पाठीला चिकटून, हिरवा खण होता. आणि तो लावला होता कुणी? मी. मुळात माझाच हात कुणाच्या शुभाला लागू नये अशी मी. बार्शीत जे म्हणायचे ते खरंच असावं, असं मला त्या क्षणी पटलं.

सांगायला हवं होतं. सांगितलं तर झगा उतरवावा लागणार, दुसरा ड्रेस नाही, कार्यक्रम मोडणार, आणि सोमवारी? सोमवारी त्या मला वकिलाकडे कशाला नेतील? त्यांच्याच भल्यासाठी मी गप्प बसले, असं लिहिलं असतं तर चांगलं दिसलं असतं. मी कागदासाठी गप्प बसले.

पियानोवाले परत आले. "मादाम."

त्यांनी माझा हात दाबला आणि गेल्या.

मी पडद्याच्या कडेला उभी राहिले. पहिलं गाणं नीट झालं. आवाज पातळ होता, पण कुठेही लटपटला नाही, आणि हातातला पंखा असा उघडला की समोरच्या ओळीतली माणसं हसली. मी मनात एकेक ओळ मोजत होते. दुसऱ्या गाण्यात एक चढण होती, ती त्यांनी घरी रोज घासली होती. ती आली आणि त्या थांबल्या.

नुसत्या थांबल्या. तोंड उघडं. पियानोवाल्यांनी तीच ओळ पुन्हा वाजवली. पुन्हा. मी पदराला गाठी मारायला लागले, एक, दोन, तीन, काय बोलले देवाला ते आठवत नाही. बोलले असेन की मला परत पाठव पण यांना पाडू नको. ते खरं बोलले होते का, तेही माहीत नाही.

मादामनी पंखा मिटला, प्रेक्षकांकडे पाहिलं आणि फ्रेंचमध्ये काहीतरी बोलल्या. लोक मोठ्याने हसले. मग त्यांनी ती ओळ खालच्या पट्टीत म्हटली, जणू पहिल्यापासून तशीच होती. तिसरं गाणं त्यांनी अर्धं बोलून, अर्धं गाऊन नेलं. टाळ्या खूप वेळ वाजल्या. आत आल्या तेव्हा चेहरा पांढरा पडला होता आणि त्यांची नखं माझ्या मनगटात रुतली होती.

"काय म्हणालात त्यांना?" मी विचारलं. घाबरले की मी नको ते विचारते.

"म्हटलं, इथे एक पायरी होती, कुणी उचलून नेली."

मग झगा उतरवायचा होता. मी घाईने हुक काढले, घडी करायला गेले. पण आरशाभोवती सगळे दिवे लागलेले होते, आणि मोतीबिंदू असला तरी इतकं झगझगीत हिरवं दिसायचं राहत नाही. मादामनी झगा माझ्या हातातून घेतला. नुसत्या परकरावर बसून तो डोळ्यांजवळ नेला.

"हे कधीपासून?"

"बुधवारपासून."

"त्या मुलीवर मी ओरडले तेव्हा तुला माहीत होतं?"

"हो."

पुढे एक शब्द नाही. टॅक्सीतही नाही. घरी आल्यावर खोलीत गेल्या आणि दार लावून घेतलं.

रविवारी सकाळी कॉफीला त्या बाहेर आल्या नाहीत. मी कॉफी दारात ठेवली, ती तशीच थंड झाली. मी बॅग पलंगाखालून काढून ठेवली. मग वहिनीला फोन लावला.

"वन्सं, तुम्ही पण ना!" वहिनी म्हणाली. मागे जुळी ओरडत होती. "स्टॉप इट, बोथ ऑफ यू! हं, बोला. सांगून तरी लावायचा ना खण."

"आतलं कोण बघतं म्हणाल्या."

"अहो पण ओटीचा खण तो! तुम्ही कशाला हात..." आणि ती थांबली. "तसं नाही हो म्हणायचं मला."

"माहीत आहे मला."

"सॉरी म्हणा त्यांना. आणि उद्याची अपॉइंटमेंट त्यांनी कॅन्सल केली तर इकडे या. हॉलमध्ये झोपायची सोय करते. आई आहे, पण करते मी काहीतरी."

तिने मनापासून सांगितलं होतं. पण व्हिसा नसलेल्या बाईने टेक्सासपर्यंत जायचं कसं, हे आम्हा दोघींनाही विचारावंसं वाटलं नाही.

दुपारी तीनला मादामनी हाक मारली. पलंगावर बसल्या होत्या, झगा मांडीवर उलटा करून.

"सांग. कशासाठी."

मी सांगितलं. ओटी म्हणजे काय, हिरवा चुडा कधी भरतात, नवरा गेल्यावर तो कसा फोडतात, हळदीकुंकवाला मी कुठे बसते. मोडक्या इंग्रजीत, हातवारे करून. खण का लपवून लावला तेही सांगितलं. कागदासाठी गप्प बसले, एवढं मात्र सांगितलं नाही. ते त्यांना कळलं असेल किंवा नसेल.

त्या बराच वेळ काठावरून बोट फिरवत राहिल्या.

"म्हणजे तुमच्या गावात," त्या म्हणाल्या, "हिरवा रंग तू आहेस."

"उसव हे. सगळं. आजच्या आज. पांढरं लाव."

मी संध्याकाळपर्यंत टाके उसवत बसले. मला वाटलं, मी जायच्या आधी झगा नीट करून हवा आहे त्यांना. खण धुऊन वाळत घातला. बॅग दाराशी नेऊन ठेवली.

सोमवारी सकाळी त्या हॅट घालून उभ्या होत्या. बॅगेकडे पाहून म्हणाल्या, "वकिलाकडे एवढं सामान कशाला?"

वकिलाचं ऑफिस दुसऱ्या मजल्यावर होतं. खाली रस्त्यावर पोलिसाची गाडी उभी होती आणि मी जिन्यात दोनदा वळून पाहिलं. वकील तरुण होता, घाईत होता. त्याने फॉर्म मादामपुढे सरकवला आणि मोठ्याने वाचला. "कामाचं स्वरूप, राहून घरकाम."

"नाही," मादाम म्हणाल्या. "ही माझी ड्रेसर आहे. तसं लिहा."

"ड्रेसर?"

"कलावंताला तयार करणारी. पॅरिसमध्ये याला नाव आहे, मान आहे."

"मादाम, पण तुम्ही निवृत्त आहात."

"कोण म्हणालं? परवा शनिवारी गायले मी."

वकिलाने पेन खाली ठेवलं. "असं लिहिलं तर सरकार विचारेल की नदीपलीकडे न्यू यॉर्कमध्ये ड्रेसर मिळत नाहीत का?"

"मिळतात. खूप मिळतात. सगळ्या बोलतात. प्रवेशाला दहा मिनिटं असताना येऊन सांगतात, मादाम, अमकं फाटलंय, मादाम, तमका रागावलाय. पन्नास वर्षांत तोंड बंद ठेवणारी मला ही एकच मिळाली. हे लिहा."

ज्या गप्प बसण्याची मला लाज वाटत होती तेच ही बाई सरकारला कळवायला निघाली होती, आणि त्यात माझा अर्ज बुडणार होता. वकील घड्याळाकडे पाहत होता. आयुष्यात मी कुणाच्या मध्ये बोलले नव्हते.

"मादाम," मी म्हटलं, "घरकाम लिहू द्या. प्लीज."

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी त्यांना पुन्हा तेच हिरवं दाखवलं होतं.

"तुला घरकाम चालेल?"

"मला राहायचंय."

त्यांनी पेन उचललं आणि सही केली. फोटोवर करायच्या तशी, स्टेजवरची, शेपूट असलेली, चौकटीच्या बाहेर जाऊन खालच्या दोन ओळी खाणारी. वकिलाने कपाळावर हात मारला. दुसरा फॉर्म काढला. तिसऱ्या वेळी ती चौकटीत बसली.

जिना उतरताना मी नेहमीसारखी पुढे होते. मागून त्यांचा आवाज आला, मनाविरुद्ध काही खावं लागल्यासारखा.

"त्या कागदावर खोटं लिहिलंय. लक्षात ठेव."

लक्षात ठेवलं. अर्जाचं उत्तर यायला पुष्कळ काळ गेला, आणि तेवढ्या काळात बेल वाजली की मी बाथरूममध्ये जायचं सोडलं नाही. फक्त आता आत उभी राहून मी उत्तर घोकायची. कुणी आलं आणि विचारलं की तू इथे काय काम करतेस, तर घरकाम म्हणायचं. घरकाम. चुकून खरं बोलायचं नाही.